तेरड्याचा रंग किती दिवस?

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण आपण माणसांच्या चंचलपणासाठी वापरतो. लोणावळ्यात मात्र ती मी बागांच्या गप्पांतच जास्त ऐकली आहे. तुंगार्लीतल्या आमच्या घराभोवती गेली तेरा वर्षं मी इथलीच, आसपासच्या डोंगरांतली झाडं लावत आले. ती बघायला येणारी माणसं मनापासून कौतुक करतात आणि निघताना फाटकाशी थांबून म्हणतात, ‘देशी फुलं छानच असतात, पण टिकत नाहीत. वर्षातून एकदा येतात, चार दिवस दिसतात, मग नुसतं रान उरतं. बाग करायची तर हंगामी फुलंच लावायला हवीत.’ बंगलेवाले हे म्हणतात, नर्सरीवाले म्हणतात, बागकामाचा ठेका घेणारे म्हणतात. लहानपणी ज्यांनी बांधावरचा तेरडा उपटून गौरीसाठी घरी नेला, ते आमच्याकडे येणारे माळीकाकाही हेच म्हणतात. हे मत मला चुकीचं वाटतं. ते का चुकीचं आहे, ते एकदा नीट मांडायचं आहे.

वाद घालायची आपल्याकडची जुनी रीत अशी, की आधी पूर्वपक्ष मांडायचा, आणि तोही पडेल आवाजात नाही. म्हणून समोरच्याची बाजू आधी सांगते.

बाग माणसाने केलेली असते, ती रानाची नक्कल नव्हे. ज्याला रान बघायचं त्याने राजमाचीची वाट धरावी. घराभोवती माणसाला रंग हवा असतो, तोही बारा महिने. पेटुनिया, झेंडू, सदाफुली, बोगनवेल या कसोटीला उतरतात. रानातली झाडं थोडेच दिवस फुलतात आणि तेही आपल्या सवडीने. त्यांची रोपं मिळत नाहीत, मिळाली तर जगत नाहीत, जगली तर आवरत नाहीत, आणि त्यांच्या आडोशाला किरडू येऊन बसतं. शिवाय ज्याला विदेशी म्हणून नाकारायचं तो झेंडू दसऱ्याला प्रत्येक दाराला लागतो आणि देवचाफा तर देवळासमोरच उभा असतो. जे पिढ्यान्‌पिढ्या आपल्या अंगणात आहे ते आपलंच. मग हा भेद करायचाच कशाला?

यातलं पहिलं वाक्य मला पूर्ण मान्य आहे. बाग म्हणजे निवड. पण निवडायला समोर काय काय आहे ते ठाऊक असावं लागतं, आणि हा पूर्वपक्ष मांडणाऱ्या बहुतेकांनी तेरडासुद्धा नीट पाहिलेला नसतो.

तर तेरड्यापासूनच सुरुवात करू. आमच्या मागच्या पडवीच्या पागोळ्या पडतात तिथे तो दरवर्षी आपोआप उगवतो. फूल उमललं की आत, वरच्या पाकळीखाली, एक बारीक पांढरट टोपी दिसते. ते पुंकेसर आहेत, एकमेकांना चिकटून त्यांची टोपी झालेली. तिच्याखाली स्त्रीकेसर झाकलेला असतो. मधमाशी येते, मागच्या वाकड्या शेपटीतल्या मधासाठी आत घुसते, आणि टोपीचा पराग तिच्या पाठीला लागतो. मग ती टोपी आख्खी गळून पडते आणि खालचा हिरवा टोकदार स्त्रीकेसर उघडा होतो. आता हेच फूल दुसऱ्या फुलाचा पराग घ्यायला तयार असतं. आधी नर, मग मादी. दोन्ही कामं झाली की पाकळ्या गळतात. म्हणीतले तीन दिवस ते हेच. एका फुलाला त्याचं काम उरकायला जितका वेळ लागतो, तितका वेळ ते राहतं.

पण झाडाचं तसं नाही. पानाच्या बेचक्याबेचक्यातून नवी कळी येत राहते, खालच्या शेंगा पिकत असताना वर फुलं चालूच असतात. आमच्या पागोळीखालचा तेरडा जुलैच्या मध्याला फुलू लागतो आणि घटस्थापनेपर्यंत फुललेला असतो. म्हणजे दोन महिन्यांहून अधिक.

याला एक पुरावा आहे, तो आपल्या पंचांगातच पडलेला आहे. पुणे जिल्ह्यात आणि कोकणात अनेक घरांत गौर येते ती तेरड्याची, मुळासकट उपटलेल्या रोपांची. गौरीची तिथी भाद्रपदातली, आणि अधिक मासामुळे ती इंग्रजी महिन्यांत जवळजवळ महिनाभर मागेपुढे सरकते. २०२० साली गणेश चतुर्थी २२ ऑगस्टला होती, २०२३ साली १९ सप्टेंबरला. गौरी त्यानंतर दोन-तीन दिवसांनी. दोन्ही वर्षी गौरीला तेरडा फुललेला मिळाला. ज्या फुलाचा भरवसा तीनच दिवसांचा, त्याच्यावर असा सरकता सण कोणी बांधला असता का? बायकांनी म्हण ऐकली असेल, पण गौर बसवताना त्यांनी झाडावर विश्वास ठेवला.

आता ‘हंगामी’ या शब्दाकडे येते, कारण घोटाळ्याचं मूळ तिथे आहे. नर्सरीत जाऊन हंगामी फुलं मागा. पेटुनिया, फ्लॉक्स, पॅन्सी, डायंथस, साल्व्हिया यांच्या पिशव्या पुढे येतील. ही सगळी थंडीत फुलणारी रोपं. गणपतीनंतर बी पेरायचं, दिवाळीच्या सुमारास रोपं लावायची, जानेवारीत वाफे भरून येतात. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन प्रजासत्ताक दिनाच्या आसपास भरतं. त्या दिवसांत ही फुलं ऐन बहरात असतात. हा साहेबाच्या बागेचा हंगाम. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, मुंबईची साहेब आणि पारशी मंडळी लोणावळ्या-खंडाळ्यात बंगले बांधू लागली, आणि बागेची ही कल्पनाही घाट चढून वर आली. त्या बागांत सुंदर काही नव्हतं असं मी म्हणत नाही. पण त्यामुळे ‘हंगामी’ या मराठी शब्दाचा अर्थ आकसून ‘हिवाळ्यात कुंडीत लावायची परदेशी रोपं’ एवढाच उरला.

मावळात हंगाम म्हटलं की भात डोळ्यांसमोर येतो. राब भाजून ठेवलेले, रोहिणीत पेरा, आषाढात लावणी, दिवाळीच्या पुढेमागे कापणी. या मुलखाचा हंगाम पाऊस ठरवतो. लोणावळ्याला वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जुलैत एका दिवसात दोनशे मिलिमीटर झाला तरी इथे कोणी चर्चा करत नाही, फक्त छपराला ताडपत्री आहे ना एवढं बघतात. अशा पावसात पेटुनियाचं पान आठ दिवसांत काळं पडून लिबलिबीत होतं. गुलाबाच्या पानांवर डाग पडून फांद्या उघड्या होतात. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात बंगल्याबंगल्यातल्या कुंड्या शेडमध्ये जातात, आणि चार महिने बागेत दिसतो तो डुरांटाच्या कातरलेल्या कुंपणाचा आणि क्रोटनच्या पानांचा रंग.

आणि लोणावळ्याला माणसं येतात कधी? पावसात. भुशी धरणावर, भाज्याच्या धबधब्यावर, लोहगडाच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते तेव्हा. म्हणजे बारा महिने रंग हवा, येणाऱ्याला तो दिसायला हवा, ही पूर्वपक्षाची कसोटी लावली तर नापास होते ती पूर्वपक्षाचीच बाग. ज्या चार महिन्यांत ती बंद असते, त्याच चार महिन्यांत फाटकाबाहेर, रस्त्यासाठी कापलेल्या दरडीवर, कोणी न लावलेली फुलं असतात.

एकदाच फुलतात हा आक्षेप खरा धरला, तरी एकदाच फुलणारी झाडं वेगवेगळ्या महिन्यांत फुलतात, ही साधी गोष्ट त्यात निसटते. आमच्या साडेचार गुंठ्यांतलं वर्ष सांगते. पहिल्या वळवाबरोबर कुडा पांढरा होतो. त्याच्या फुलांची भाजी होते, आणि ती करायची तर फुलं सकाळीच उतरवावी लागतात. जूनच्या पावसाने जमिनीतले कंद जागे होतात. कुलीची गवतासारखी पानं येतात, तीही भाजीची, आणि जी खुडायची राहतात त्यांच्यातून पांढऱ्या चांदण्यांचा दांडा वर येतो. जुलैत रानहळद : पिवळी फुलं, आणि त्यांच्या डोक्यावर जांभळ्या-गुलाबी पानांचा तुरा. पुष्कळांना तो तुराच फूल वाटतो आणि तो आठवडेच्या आठवडे टिकतो. मग तेरडा, कळलावी, भारंगी. भारंगीची कोवळी पानं पावसाच्या सुरुवातीला भाजीला गेलेली असतात, तरी श्रावणात तिला निळसर फुलांचे मोठे तुरे येतात. चार पाकळ्या फिक्या आणि खालची एक गडद निळी, तिच्यावर पुढे झुकलेले लांब केसर. सप्टेंबरात सोनकीचा पिवळा रंग. ऑक्टोबरात सकाळी पारिजातकाखाली सडा.

थंडीत काय, असं मला नेहमी विचारतात, कारण तो पेटुनियाचा बालेकिल्ला. थंडीत पिवळी कोरांटी आहे. दाट सावलीत, जिथे कुठलंच हंगामी रोप फुलत नाही, तिथे दशमुळी आहे. खंडाळ्याच्या झाडीत ती भरपूर दिसते. तिचं फूल उमलतं निळं आणि सुकताना तांबूस होतं, त्यामुळे एकाच कणसावर दोन रंग दिसतात. जानेवारीपासून धायटी. तिच्या कमानीसारख्या वाकलेल्या, पानं झडलेल्या फांद्यांवर लाल नळ्यांचे घोस येतात. ही लाल नळी पाकळ्यांची नसते, निदलपुंजाची असते, म्हणून पाकळ्या गेल्या तरी रंग जात नाही. धायटी फुलली की शिंजीर पहाटेपासून तिथेच. आयुर्वेदात आसवं आणि अरिष्टं आंबवायला जी धातकीची फुलं घालतात ती हीच. फेब्रुवारी-मार्चला करवंदीच्या जाळीवर पांढरी फुलं आणि त्यांचा वास. मे महिन्यात त्याच जाळीची करवंदं पानाच्या द्रोणांतून स्टेशनबाहेर विकायला येतात. त्याच सुमारास अंजनीच्या जुन्या फांद्या निळ्या-जांभळ्या बारीक फुलांनी मढतात. एप्रिलात कुसरीचा वेल, म्हणजे रानमोगरा, संध्याकाळी अंगणात वास सोडतो. आणि वैशाखात ताम्हण, महाराष्ट्राचं राज्यपुष्प. राज्याने ज्याला आपलं फूल म्हणून मान दिला, ते लोणावळ्यातल्या किती बागांत आहे हे मोजायला दोन हातांची बोटं पुरावीत.

ही यादी मी कुठून शोधून काढली नाही. ती फार पूर्वीच झालेली आहे. स्पेनमध्ये जन्मलेले जेझुइट धर्मगुरू फादर सांतापाव मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. सुट्ट्या आणि पावसाळे खंडाळ्याच्या डोंगरात घालवून त्यांनी इथल्या झाडाझुडपांचा ग्रंथ लिहिला, ‘द फ्लोरा ऑफ खंडाळा’. तो १९५३ साली प्रसिद्ध झाला. पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक झाले. एका लहानशा गिरिस्थानावर एवढा बारकाईचा ग्रंथ असणं हे भाग्य फार थोड्या गावांना लाभलं आहे. कोणतं झाड कुठल्या उतारावर, किती दाट, कधी फुलतं, कधी फळतं, हे त्यात आहे. माळ्याला यापेक्षा वेगळं काय हवं असतं? पण तो ग्रंथ वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या हातात राहिला आणि खंडाळ्यातल्या बागा इंग्रजी कॅटलॉगवर चालत राहिल्या.

दुसरा आक्षेप, बागेत आणली की जगत नाहीत. याचं उत्तर कळलावीने मला दिलं, आणि माझ्या चुकीतून दिलं. कामशेतजवळच्या एका कुंपणावरच्या सुक्या शेंगांतून मी तिचं बी आणलं होतं. बियांपासून फूल यायला तीन-चार वर्षं लागतात. तिसऱ्या वर्षी वेल चांगला हातभर वाढला आणि ऑक्टोबरअखेर वाळून गेला. जानेवारीत काका म्हणाले, “ताई, ही कुंडी रिकामीच हाय, पालथी घालू का?” मी हो म्हणाले. माती खताच्या खड्ड्यात गेली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात खड्ड्याच्या काठातून एक कोंब सरळ वर आला. त्याच्या प्रत्येक पानाचं टोक स्प्रिंगसारखं वळलेलं होतं, आणि त्या टोकांनी धरत धरत तो कुंपणाची तार चढला. काकांनी उकरून बघितलं तर खाली कंद, काटकोनात वाकलेला, नांगराच्या फाळासारखा. संस्कृतात कळलावीला लांगली म्हणतात ते का, हे त्या दिवशी कळलं. ऑगस्टच्या सुरुवातीला तिला पहिलं फूल आलं. पाकळ्या खालून पिवळ्या, वर लाल, कडा लाटांसारख्या, आणि सगळ्या मागे वळलेल्या. स्त्रीकेसर मात्र मुळाशीच काटकोनात मोडल्यासारखा बाजूला गेलेला. दिवसागणिक पिवळा भाग कमी होत गेला आणि शेवटी सबंध फूल लाल झालं.

ती मेली नव्हती, झोपली होती. आपल्या डोंगरातले कंद वर्षातले सात-आठ महिने जमिनीखाली काढतात, कारण इथला उन्हाळा आणि कोरडी थंडी त्यांना तेच शिकवते. ‘देशी झाडं जगत नाहीत’ असं जे म्हटलं जातं त्यातली कितीतरी झाडं अशी झोपेत फेकली गेलेली असणार. बागेत येत नाही म्हणावी तर याच कळलावीची तामिळनाडूत शेतं आहेत. मांडव घालून तिचं पीक घेतात, कारण तिच्या बियांतून काढलेलं कोल्चिसीन औषधाला लागतं. ती त्या राज्याचं राज्यपुष्प आहे, आणि तिकडे आफ्रिकेत झिंबाब्वेचं राष्ट्रीय फूलही. (तिचा कंद आणि बी अत्यंत विषारी आहे. घरात लहान मूल किंवा गुरं असतील तर ती लावू नये, हे इथेच सांगून ठेवते.) तेरड्याचंही तेच. सोळाव्या शतकाच्या अखेरीला तो युरोपातल्या बागांत पोचला होता. जे झाड इंग्लंडच्या मातीत वाढवता आलं ते तुंगार्लीच्या मातीत वाढवता येत नाही, या म्हणण्याला काय अर्थ आहे?

रोपं मिळत नाहीत ही तक्रार मात्र खरी आहे. पण तो बाजाराचा दोष झाला, झाडाचा नाही. मागणी नाही म्हणून नर्सरी रोप करत नाही, आणि रोप नाही म्हणून कोणी मागत नाही. एका नर्सरीत मी अशोक मागितला तेव्हा मला आसुपालवाचं उंच सरळसोट रोप मिळालं होतं. सीतेचा अशोक वेगळा, त्याला केशरी-लाल गुच्छ येतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि देणाऱ्यालाही नसावं. हल्ली पुण्याकडे देशी रोपं करणारे काही जण आहेत, त्यांच्याकडून घ्यावीत. नाहीतर बी गोळा करावं. डोंगरातून कंद किंवा फांदीवरची आमरी उपटून आणणं मात्र कोणी करू नये. पठारावर जिथे एक कंद निघतो तिथे पुढच्या वर्षी फूल नसतं, आणि आणलेला बहुधा मरतो.

आता सगळ्यात कठीण आक्षेप. पिढ्यान्‌पिढ्या अंगणात आहे ते आपलंच. झेंडू मेक्सिकोचा, निशिगंधही तिथलाच, देवचाफा उष्ण अमेरिकेतला, गुलबक्षीही अमेरिकेची, सदाफुली आणि गुलमोहर मादागास्करचे, बोगनवेल दक्षिण अमेरिकेची. हे ऐकून माणसं नाराज होतात, आणि ती नाराजी मला समजते, कारण माझ्या आजीच्या परसात गुलबक्षीच होती. ही फुलं आपली आहेत, यात शंका नाही. भाषेत, सणांत, आठवणीत ती आपली झाली. झेंडूशिवाय दसरा मलाही करायचा नाही. पण ‘आपलं’ आणि ‘देशी’ हे दोन शब्द एकाच अर्थाचे नाहीत. आपलं ते माणसाच्या नात्याने ठरतं. देशी ते मातीच्या, पावसाच्या, माशी-पाखरांच्या नात्याने ठरतं. बटाटा आपला आहे म्हणून तो सह्याद्रीत उगवलेला होत नाही.

आणि ‘देशी’ म्हणजे भारतातलं, हाही अर्थ मला अपुरा वाटतो. मराठीत देश हा शब्द मुळात एवढा मोठा नव्हता. आपण देश आणि कोकण म्हणतो. घाटावरचा सपाट मुलूख तो देश. तिथले ते देशावरचे. या दोहोंमध्ये, सूर्य मावळतो त्या बाजूची जी डोंगरपट्टी, ते मावळ. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ अशी खोऱ्याखोऱ्याला नावं आहेत. हे भेद उगाच पडलेले नाहीत. लोणावळ्याहून तळेगाव तीस किलोमीटर, पण पाऊस उतरून तिथे जेमतेम तिसऱ्या हिश्श्यावर येतो. लोणावळ्याला सहज येणारी अंजनी तळेगावच्या पठारावर उन्हाळ्यात कोमेजते. मग आसामातली आमरी आणि केरळातला वेल ‘भारतीय’ म्हणून लोणावळ्यात देशी कसे ठरतील? देशी हे कोसावर मोजायचं माप आहे. आजिवलीच्या देवराईत जाऊन वर बघितलं की भेरली माड, खाली बघितलं की दिंडा, आणि मधल्या सावलीत कोण कुठे उभं आहे, हे एका दुपारी जेवढं समजतं तेवढं कुठल्या पुस्तकात समजायचं नाही.

इथे मला माझ्याच बाजूच्या माणसांशीही थोडं भांडायचं आहे. देशी झाडं लावली की पाणी नको, खत नको, निगा नको, असं सांगितलं जातं. ते खोटं आहे, आणि अशा खोट्यानेच माणसं निराश होऊन पुन्हा पेटुनियाकडे जातात. चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो म्हणून एप्रिलात जमिनीत ओल असते असं नाही. जांभ्याची माती पाणी धरत नाही; डिसेंबर ते मे ती तापत राहते. नव्या धायटीला, अशोकाला, ताम्हणाला पहिले दोन उन्हाळे पाणी घालावंच लागतं, बुंध्याशी पालापाचोळ्याचं आच्छादन लागतं. तिसऱ्या वर्षापासून ती आपली आपण उभी राहतात. करवंदीची जाळी कातरली नाही तर वाट अडवते. निर्गुडी छाटावी लागते. आणि सापांबद्दल : साप झाडाच्या जातीकडे बघून येत नाही, उंदरांमागे येतो. विटांचा ढीग आणि उघडं खरकटं हलवलं की पुरतं.

माझं परदेशी फुलांशी वैर नाही. बोगनवेल आमच्या फाटकावरही आहे. ती जिथे लावाल तिथे राहते. पण घाणेरीचं उदाहरण डोळ्यांसमोर असताना बागेची भिंत म्हणजे सीमा असं मानणं शहाणपणाचं नाही. तीही एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं झुडूप म्हणूनच भारतात आणलेली. आज विसापूरच्या पायथ्यापासून खाली बघावं तर गुरं ज्याला तोंड लावत नाहीत असा तिचाच हिरवा पट्टा दिसतो. अलीकडे तसंच काही पिवळ्या-केशरी कॉसमॉसचं होताना दिसतं. मेक्सिकोचं हे फूल बागेतून निसटून पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर आणि रस्त्यांच्या कडेला पसरलं आहे. सप्टेंबरात माणसं गाड्या थांबवून त्याच्यासमोर उभी राहतात आणि सोनकी समजून फोटो काढतात. सोनकीचा पिवळा वेगळा, पान वेगळं, उंची वेगळी. पण ओळखायला ती कुणाच्या अंगणात दिसलेलीच नसते.

शेवटी एक झाड असं उरतं, जे माझ्या बाजूने बोलत नाही, आणि ते लपवून ठेवणं बरोबर होणार नाही. ते म्हणजे कारवी. वर्षातून एकदा हाही जिच्यासाठी फार मोठा शब्द आहे. ती सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, डोंगराच्या उतारावर सगळी एकदम, जांभळी. मधमाश्यांना त्या वर्षी दुसरं काही सुचत नाही. मग ती मरते. सुक्या शेंगा पुढच्या पावसापर्यंत फांद्यांवर राहतात आणि पहिल्या ओलीने तडतड फुटून बी फेकतात. रंग हवा म्हणून बाग करणाऱ्याने कारवी लावू नये, असं मी सरळ सांगते. फुलांच्या हिशेबात ती बसत नाही.

तरीही आमच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे डोंगराचं पाणी उतरतं, तिथे मी ती लावली आहे. तिच्या जाड खरखरीत पानांवर पाऊस पडतो तो आवाज मला आवडतो, आणि तिच्या मुळांनी तिथली माती धरली आहे. तिच्याच काठ्यांच्या कुडाला शेण-माती लिंपून मावळातली घरं उभी राहत; काकांचं बालपण अशा भिंतीला पाठ टेकून गेलं. ती लावली तेव्हा त्यांनी विचारलं होतं, हिला फूल कधी यायचं? मी सांगितलं, सात वर्षांनी. ते काही बोलले नाहीत, पण त्या दिवसापासून तिच्याभोवतीचं गवत ते हाताने काढतात, कात्री लावत नाहीत. यंदा सहावा पावसाळा. गेल्या आठवड्यात पेरापेराशी वाकून ते कळी शोधत होते.